सिम्फनीची शेवटची चार मिनिटं

वाद्यवृंदाच्या तळघरातल्या कागदखोलीत वहिनींनी सत्तावीस वर्षं काढली. सगळे वादक त्यांना वहिनीच म्हणत, कारण मोठा ड्रम वाजवणारे भाऊजी त्यांचे सख्खे दीर. भाऊजींच्या आधी तोच ड्रम वहिनींचे यजमान वाजवत. ते गेल्यावर दिराने काठी उचलली. वादकांची स्वरलिपीची पानं लावायची, फाटलेली चिकटवायची, कार्यक्रम झाला की पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, हे वहिनींचं काम. एका पानावरची खूण मात्र त्यांनी कधी खोडली नाही.

ते पान होतं गेल्या शतकातल्या, युद्धानंतर लिहिलेल्या एका सिम्फनीचं. पाऊण तास नुसता विजयाचा गोंगाट. ट्रम्पेट छाती फुगवून ओरडतात, तीच कवायतीची धून पुन्हा पुन्हा, दर फेरीला आणखी जोरात, शेवटी ऐकणाऱ्याला उबग यावा इतकी. मग ती मध्येच तुटते. उरतो व्हायोलिनहून जाड आवाजाचा एकटा व्हायोला आणि मोठ्या ड्रमचे अकरा हलके ठोके, प्रत्येक आधीच्यापेक्षा उशिरा. तिथे पानाच्या कडेला यजमानांनी लिहून ठेवलं होतं, ‘घाई नको. मेलेल्यांना कुठे जायचंय?’

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी व्यवस्थापक साहेब दात कोरत खाली आले.

“वहिनी, शेवट गाळायचा. पाहुणे बडे आहेत. जोरात संपलं की टाळ्या पडतात. ते रडगाणं कुणाला हवंय?”

“अहो, त्या रडगाण्यासाठीच तर बाकीचं लिहिलंय!”

“पानं शिवून टाका. चुकून कुणी उलटलं, तर तुमचं तुम्ही बघा.”

वहिनींना शिसारी आली. भाऊजींची तर जास्तच. हात तोडला तरी ते अकरा ठोके वाजवीन, असं दरवर्षी छातीठोकपणे सांगणारा हा माणूस आता साहेबांच्या मागे उभा राहून स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, “जाऊ द्या ना वहिनी. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

गाळायची पानं धावदोऱ्याने शिवायची, हा कागदखोलीचा जुना रिवाज. लांब, सैल टाके. दुसऱ्या दिवशी टोक ओढलं की दोरा सरसर निघतो. पण साहेबांची धमकी डोक्यात घोळत होती आणि निवृत्तीला दोनच वर्षं होती. वहिनींनी हातटीप घातली, बारीक नि घट्ट. सत्तर वादकांची पानं, एकामागून एक, साहेबांना मनात शिव्या मोजत. आपण कशावरून सुई नेतोय हे त्या घाईत पाहिलंच नाही.

संध्याकाळी टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत खाली भाऊजी वाकले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी आधी ड्रमचं पान घेतलं. दोरा हलेना. कात्रीचं टोक घालून उसवायला गेल्या, तर जुनाट कागद टाक्यांच्या रेघेवर टरकन फाटला, थेट यजमानांच्या अक्षरांमधून.

तेवढ्यात साहेब आले. “उसवताय कशाला? आता कायम असंच वाजवायचं.” मग त्यांनी वाकून टाके निरखले. “वा, वहिनी! काम करावं तर तुम्ही.”

साहेबांची किळस तर नेहमीचीच होती. वहिनींना पहिल्यांदाच स्वतःच्या बोटांची किळस आली.