रश्मीने विचारलं होतं

सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्या स्क्रीनवर नसलेली खाडी दिसत होती.

दिल्लीतल्या आमच्या ऑफिसात उपग्रहाच्या चित्रांवरून किनाऱ्याचे नकाशे व्हायचे. या चित्रांत जिवंत हिरवळ लाल दिसते, पाणी काळं. समोर कोकणातल्या एका गावाजवळचं राखीव क्षेत्र होतं. त्याच्या हद्दीला लागून भराव घालून बंगले झाले होते, पुढे लॉन. लॉन सगळं लाल दिसायला हवं. त्यातून एक काळी रेघ गेली होती आणि शेवटी कोयत्यासारखी वळली होती. मी भरावाआधीचं चित्र काढून वर ठेवलं. बुजवलेल्या खाडीचं वळण तेच. केसाचाही फरक नाही.

फील्डवरच्या सर्व्हेअरला फोन लावला.

"सावंत, लॉनवर पाणी आहे?"

"नाही हो साहेब. लॉनवरच उभा आहे. खडखडीत कोरडं."

"नक्की?"

"बूट कोरडे आहेत ना माझे. पण साहेब, उधाणाला इथल्या बाथरूममधून खेकडे निघतात म्हणे. वॉचमन या बाजूला फिरकत नाही. दिवसाढवळ्यासुद्धा."

आमचे डायरेक्टर वर्मासाहेब मागे येऊन उभे होते. "ये पानी कहाँ से आया? फाइल निकालो."

फाइल मला पाठ होती. गावाहून आलेल्या शीटवर या तुकड्यापुढे हाताने लिहिलं होतं, 'खाजण'. भरतीचं खारं पाणी जिथे शिरतं ती दलदलीची जमीन. खाजण असेल तर ते राखीव हद्दीत घ्यायचं, असा आमचा नियम. डेटा एंट्रीला रश्मी होती, कॉन्ट्रॅक्टवर. आईवडील नागपूरचे, ती वाढलेली इथेच दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात. शीट घेऊन ती माझ्याकडे आली होती.

"सर, हे खाजण काय असतं? खाजगी असेल ना? ण आणि गी सेमच दिसतंय यार. सॉरी, सर."

मी रत्नागिरीकडचा. खाजणातला चिखल तुडवत मोठा झालो. चित्रात कांदळवनाची लाल किनारही मला दिसत होती. पण चारला मीटिंग होती. हद्द बदलली तर अख्खा नकाशा पुन्हा काढावा लागला असता.

"खाजगी टाकू?"

"टाक," मी म्हणालो.

खाजगी जमीन हद्दीबाहेर गेली. पुढे तिथे डंपर आले.

आता साहेबांनी फाइलवर बोट ठेवलं. "तुम तो मराठी हो. लड़की ने तुमसे पूछा था?"

"नहीं, सर."

रश्मी दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. रेघ मघापेक्षा रुंद वाटली. उपग्रहाचं चित्र रुंद होत नसतं, हे मीच नव्या लोकांना शिकवायचो.

'वरिष्ठांना न विचारता नोंद बदलली,' असा शेरा पडला. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "सर, मला तो शब्द येत नव्हता. तुम्हाला येत होता ना?"

रिटायर होऊन मी नोएडात राहतो. चित्रं आता घरबसल्या मिळतात. दर उधाणानंतर मी बघतो. बंगले रिकामे झालेत, लॉन करपून राखाडी पडलंय. रेघ बंगल्यांखालून पलीकडे निघाली आहे, जुन्याच वळणाने. गेल्या चित्रात तिच्या दोन्ही कडांना लाल ठिपके होते. तिथे कुणी काही लावलेलं नाही. सावंतला विचारून खात्री केली.

त्या दिवशी मी ऑफिसला पत्र लिहिलं. रश्मीने विचारलं होतं. शब्द मला माहीत होता. 'टाक' मी म्हणालो. खाली सही केली, एक प्रत रश्मीला पाठवली.

ऑफिसने कळवलं, पत्र फाइलला जोडलं आहे. तिच्यावरचा शेरा काढला की नाही, ते कळवलं नाही. मी पुन्हा लिहिलं आहे. रश्मीचा मेसेज आला: "मुलीला शब्द शिकवला, सर. ती म्हणते, दाखव." मी तिला ते लाल ठिपक्यांचं चित्र पाठवलं.

अडलं तर विचारा, हे आमच्या मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर होतं. ज्याला विचारलं त्याने काय करायचं, ते कुठल्याच पानावर नव्हतं.