शिंपल्याची गोळी

आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून चार महिने झाले होते, पण भीती काही जात नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "आतड्यात पुन्हा लहान गाठी येऊ शकतात. कॅल्शियमने कदाचित टळतील, खात्री नाही. रोज घ्या, वर्षाने दुर्बीण घालून बघू." घरी येऊन गोळ्यांच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि हातच आखडला. गोळी शिंपल्यांची! गळ्यात तुळशीची माळ, तीस वर्षं अंड्यालासुद्धा शिवलेलो नाही, आणि आता जीव खायचा? छे! बायकोला सांगायचो, "घेतली गं," आणि गोळी पांडुरंगाच्या फोटोमागे टाकायचो. म्हणायचो, देवा, तूच बघ आता. यालाच मी श्रद्धा समजत होतो.

एका सकाळी देव्हारा आवरताना हिला त्या ओंजळभर गोळ्या सापडल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती रडली. "मला एकटीला टाकून जायचंय का तुम्हाला?" मला ते ऐकवेना. तडक खाली उतरलो आणि नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो.

तिथे सारसोळ्याची कोळीण टोपली घेऊन बसली होती. 'मासेवाल्यांना आत बंदी' ही गेटवरची पाटी मीच लावलेली. एरवी तिच्यासमोरून मी नाकाला रुमाल लावून जायचो.

"बाबा, डोल्यात पानी कशाला?" तिने विचारलं, आणि काय झालं कोणास ठाऊक, मी सगळं सांगून टाकलं.

ती हसली. "आनि तुमच्या देवाजवलचा शंक? तो काय झाडाला लागतो? तो बी दर्यातल्या जीवाचाच हाय. त्यानं देवाला आंघोल घालता ना? देवाला चालतं, तुमाला नाय चालत? जावा वर, गोली खावा."

तीस वर्षं त्या शंखाने पाणी घातलं, पण हे कधी डोक्यात आलं नाही. लाज वाटली मला. वर गेलो, शंखातलं पाणी तळहातावर घेतलं आणि हिच्यासमोर पहिली गोळी गिळली.

वर्षाने तपासणी झाली. आतडं स्वच्छ होतं. गोळीमुळे की कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. घरी परतताना आधी गेटवरची पाटी उतरवली आणि त्या कोळीण मावशींना वर चहाला बोलावलं. टोपली बाहेर ठेवू लागल्या, तर म्हटलं, "असू द्या, आत आणा."

सगळं देवावर सोपवलंय, असं मी म्हणत होतो खरा. पण तो ज्या वाटेने यायचा होता, तिथेच मी बंदीची पाटी लावून बसलो होतो. तरी तो बिचारा बाहेर कट्ट्यावर माझी वाट बघत बसला.