जुना भूगोल

शाळेच्या ग्रंथालयातल्या बाईंनी सव्वीस वर्षं एक लबाडी केली आणि त्या लबाडीचा त्यांना भारी अभिमान होता.

मुली वयात येतात तेव्हा शरीरात काय होतं, हे नीट समजावून सांगणारं एक पातळ पुस्तक त्यांच्याकडे होतं. चित्रांसकट. असं पुस्तक उघड्यावर ठेवलं तर पालक शाळा डोक्यावर घेतील, आणि मुली तर लाजून कपाटाकडे फिरकणारही नाहीत. म्हणून बाईंनी त्याला खाकी कव्हर घातलं, वर ठसठशीत अक्षरात ‘जुना भूगोल’ लिहिलं आणि खालच्या फळीवर जुन्या पाठ्यपुस्तकांत खुपसून दिलं. मोठ्या वर्गातल्या मुली धाकट्यांच्या कानात सांगायच्या. मग एखादी मान खाली घालून यायची, "बाई, जुना भूगोल हवाय." बाई वर न बघता पुस्तक द्यायच्या. नोंद नाही, प्रश्न नाही. साप मरायचा आणि काठीही मोडायची नाही.

स्वतःची लेक बारा वर्षांची झाली तेव्हाही बाईंनी तेच पुस्तक तिच्या उशीखाली सरकवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. चार दिवसांनी लेकीने ते मुकाट्याने परत आणून दिलं. विषय संपला.

यंदा अभ्यासक्रम बदलला. लेकीच्या बाळंतपणासाठी बाई आठवडाभर रजेवर होत्या, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीत काढायला सांगितली. शिपाईमामा म्हणजे कामाला वाघ. बाई परतल्या तर खालची फळी पुसून लख्ख.

"एकसुद्धा ठेवलं नाही बघा," मामा खुशीत म्हणाले. "भूगोल तर शोधून शोधून काढले."

बाईंना ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय? मामांनी फक्त कव्हर वाचलं होतं, आणि कव्हरवर लिहिलं होतं बाईंनीच. त्यांनी प्रकाशकाला फोन लावून पाहिला. ते पुस्तक छापणं कधीच बंद झालं होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी आली. कमरेला स्वेटर बांधलेला, डोळे रडून सुजलेले.

"बाई, जुना भूगोल?"

"नाही गं. रद्दीत गेला."

मुलगी जागची हलेना. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. त्या पुस्तकाचं पान न् पान त्यांना पाठ होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. पहिलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. सव्वीस वर्षांत त्यातला एक शब्दही त्यांनी कुणासमोर उच्चारला नव्हता. एवढ्याशा पोरीसमोर त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आईला विचार ना," त्या कशाबशा म्हणाल्या. "आई सांगेल सगळं."

"आईनेच पाठवलंय," मुलगी म्हणाली. "ती याच शाळेत होती. म्हणाली, मला नाही सांगता येत, बाईंकडून जुना भूगोल घे."

घंटा झाली. मुलीने स्वेटरची गाठ घट्ट केली, ग्लास जागेवर ठेवला आणि निघाली. बाईंनी तिला थांबवलं नाही.