शेवटून तिसरा आकडा

सुजाता मंगळवारी गेली. शाळेत परिपाठ चालू असताना ती खाली बसली आणि उठली नाही. मी बदनापूरला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोन आला, मी रजिस्टर बंद केलं आणि निघाले.

आता जे लिहिते आहे ते मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही. सुजाताला तर नाहीच. तुम्हाला का सांगते? तुम्ही तिला ओळखत नव्हता — म्हणून असेल.

ती माझी धाकटी बहीण, वडीगोद्रीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी वाचणारी, ती गाणारी — घरात अशी वाटणी लहानपणीच झाली होती. विहारात वंदना असो की चौदा एप्रिलचा कार्यक्रम, तिला पुढे बोलवायचे. मी सतरंजीवर बसून ऐकायचे. वाईट वाटायचं का? कुणी विचारलंच नाही, म्हणून मला खोटंही बोलावं लागलं नाही.

ऑपेरा मात्र माझा होता. ग्रंथालयात कुणीतरी भेट दिलेलं एक जाड पुस्तक पडून होतं, त्यातून सुरुवात झाली. तीन वर्षं मी वाचत गेले — कथानकं, आवाजांचे प्रकार, फ्रेंच शब्दांचे उच्चार. आमच्या सगळ्या गोतावळ्यात हे कळणारी मी एकटी. मुंबईच्या ऑपेरा हाऊसमध्ये एक जुना फ्रेंच ऑपेरा होणार आहे असं कळलं, तेव्हा मी दोन तिकिटं काढली. दुसरं सुजाताचं. का? तिला दाखवायचं होतं — ऑपेरा नाही, मला काय काय माहीत आहे ते.

गाडीत मनमाड येईपर्यंत मी तिला कथा समजावली. ती भाकरी-ठेचा खात ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी बाई मरायलीय आन् तरी गायलीय. मंग श्वास कुठून आणती ती?"

मला राग आला. तीन वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

आत गेल्यावर सगळ्यांना मोबाइल बंद करायला सांगितलं. पडदा वर गेला. रंगमंचाच्या वर एका पट्टीवर इंग्रजी भाषांतर उमटत होतं. मी ते वाचत होते — मान अवघडेपर्यंत, एकही ओळ सुटू नये म्हणून. मध्येच बाजूला पाहिलं. सुजाताचे डोळे मिटलेले होते, बोटं गुडघ्यावर हलत होती, गालावरून पाणी वाहत होतं. ती पट्टीकडे बघतच नव्हती. मला आठवतं, मी पुन्हा वर पाहिलं आणि वाचू लागले. दुसरं काय करता येत होतं मला?

मध्यंतरात ती खुर्चीतच बसून गुणगुणत होती. शब्द नव्हते, नुसती चाल — पण जशीच्या तशी. पलीकडच्या खुर्चीतल्या, पांढऱ्या केसांच्या बाई वळल्या. त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. त्या मुंबईत गाणं शिकवत होत्या. कुठून आलात, कुणाकडे शिकलात, असं विचारत राहिल्या. कुणाकडेच नाही म्हटल्यावर पूर्ण तिच्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन राहा, मी शिकवते. नंबर द्या, मी कळवते. माझ्याशी त्या एक वाक्य बोलल्या — तुम्ही यांच्यासोबत आलात का?

सुजाताचा मोबाइल बंद, पिशवीत तळाशी. ती माझ्याकडे वळली. "ताई, तूच सांग गं. मला माझाच नंबर पाठ न्हाई."

आमच्या घरात नंबर मीच सांगायचे. ग्रंथालयातल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक माझ्या तोंडावर असतात. माझा आकडा चुकत नाही.

शेवटून तिसरा आकडा चार होता. मी सात म्हटलं.

बाईंनी नंबर कार्यक्रमपत्रिकेवर लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. मी म्हटलं, बरोबर.

घंटा झाली, पुढचा अंक सुरू झाला. ऑपेरातली बाई मेली, मरेपर्यंत गायली. मी सगळं वाचलं.

सुजाताच्या घरात रेंज फक्त खिडकीत यायची. ती मोबाइल खिडकीत ठेवून स्वयंपाक करायची. तो उन्हाळा गेला. बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. ती म्हणाली, ऑपेरा हाऊसला विचारू या का? मी म्हटलं, असं कुणी सांगत नसतं. तिनं ते मान्य केलं — ताई वाचते, ताईला माहीत असतं. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं स्वस्त योजनेचं नवं सिम आणलं. तिनं ते घेतलं नाही. मला म्हणाली, "नंबर बदलला तर त्या बाईला मी कशी सापडंल?" मी चहा पीत होते. चहा संपवला.

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? आलं असतं.

सुजाता गेल्यानंतर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी एकेक जण उठून तिच्याबद्दल बोलला. मामा म्हणाले, थोरल्या बहिणीनं तिला मुंबईला नेऊन ऑपेरा दाखवला, बहीण असावी तर अशी. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

आता मला दोन नंबर पाठ आहेत. एक तिचा, तो बंद आहे. दुसरा मी सांगितलेला. तो कुणाचा आहे, मला माहीत नाही.