भांडता भांडता वळलेले गव्हले

सास्तूरच्या माझ्या थोरल्या नणंदबाईंसारखी चपळ बोटं उभ्या लोहारा तालुक्यात सापडायची नाहीत. अट एकच, त्यांचं लक्ष त्या बोटांकडे जाता कामा नये. लग्नाच्या रुखवतासाठी भिजवलेल्या रव्याचे तांदळाएवढे गव्हले वळायचे, तर बाकीच्या बायका मान खाली घालून, डोळे बारीक करून बसतात. नणंदबाई दाराकडे तोंड करून बसणार, मोटारसायकलवाल्याला ‘हळू रं, कोंबडी हाय!’ म्हणून ओरडणार, टीव्हीतल्या सासूला शिव्या घालणार, आणि परातीत एका मापाचे गव्हले पडतच राहणार. एकदा बचत गटाच्या बाईंनी मोबाइल रोखून ‘बोटं कशी फिरतात ते सावकाश दाखवा’ म्हटलं. नणंदबाईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं मात्र, हरभऱ्याएवढे गोळे पडायला लागले. ‘बंद करा ते. बघितलं की बोटं लाजत्यात,’ म्हणत त्यांनी बाईंना चहा पाजून वाटेला लावलं.

यंदा त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं. गव्हले आईच्याच हातचे हवेत, हा त्यांचा हट्ट. विकतचे आणू म्हटलं, तर नवरा बदला म्हटल्यासारखं माझ्याकडे बघितलं. लग्न तोंडावर आलं तेव्हा मी गेले, तर परात जवळजवळ रिकामी. एरवी लेक समोर बसून वाद घालायची आणि आईचे हात पळायचे. आता ती मुकाट्यानं साड्यांच्या घड्या घालत होती, आणि नणंदबाई एकटक बोटांकडे बघत गव्हला वळत होत्या, मोडत होत्या.

‘अक्का, हे काय?’

‘पोरीसंगं जायचे हायेत गं. लक्ष देऊन करायलेय, तर एक धड होईना.’

रडारडीला मला वेळ नव्हता; परतीची जीप सुटायला आली होती. मी पदर खोचला. ‘तुमच्या येसराच्या आमटीला चव नसते, अक्का. सासूबाईसुद्धा म्हणायच्या.’

‘माझी आय? दोन-दोन वाट्या प्यायची ती! तुला तर येसर भाजताबी येत न्हाय, घरभर धूर करतीस!’

‘मामी खरं बोलायलीय, आई,’ लेक पहिल्यांदाच हसली. ‘मीठ लई असतंय.’

मग काय! भांडण माझ्या माहेरापर्यंत पोचलं. संध्याकाळी परात भरलेली, आणि जीप कधीच गेलेली.

लग्न पार पडलं. हल्ली दुपारी नणंदबाईंचा फोन येतो. मी घाईत ‘बोला लवकर’ म्हणते. पलीकडं टीव्हीचाही आवाज नसतो.

‘काय न्हाय. घर लई गप हाय. भांड की जरा.’

मी झाडू भिंतीला टेकवते आणि भांडायला काहीतरी शोधू लागते.