क्लॅरिनेटवाल्याचा दात

बागेत दर रविवारी वाजणाऱ्या बँडमधला पहिला क्लॅरिनेटवाला अंगानं चांगलाच भरलेला होता. पोट आधी मंचावर चढे, मागून तो. सगळे त्याला गोलूदादा म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. वाजवायला बसला की मात्र चेष्टा करणारेही गप्प होत.

क्लॅरिनेटचं टोक वरच्या पुढच्या दातांना टेकवून धरावं लागतं. त्यातलाच एक दात हलू लागला. ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त येई, म्हणून या शहाण्यानं ब्रशच सोडून दिला होता. सराव करताना सूर चिरकायला लागले तेव्हा कुठे स्वारी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी हिरड्या पाहिल्या आणि आधी रक्तातली साखर तपासायला सांगितली.

“दात हलतोय आणि रक्त काढताय? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!”

साखर भलतीच वाढलेली निघाली.

“दादा, पोटातली चरबी नुसती बसून नसते,” बाई म्हणाल्या. “फार वाढली की तिच्यात सूज धुमसत राहते, आणि तिचा त्रास सगळ्या अंगाला होतो. मग साखर आत घ्या म्हणून इन्सुलिन पेशींना सांगतं, पण त्या त्याला दाद देत नाहीत. साखर रक्तातच राहते, मग हिरड्या बिघडतात. आणि सुजलेल्या हिरड्या साखर आणखी चढवतात.”

“म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.”

“अगदी तसंच.”

मग मात्र त्यानं हयगय केली नाही. गोळ्या, चालणं, हिरड्यांची सफाई, सगळं केलं. जेवताना बायको समोर पहाऱ्याला बसे. साखर उतरली, विजार सैल झाली, रक्त थांबलं. मोठ्या उमेदीनं तो बाईंकडे गेला.

“बाकीचे वाचले,” बाई म्हणाल्या. “हा काढावा लागेल. नवा बसवू, पण सूर पहिल्यासारखा लागेलच, असं मी सांगणार नाही.”

आपण सगळं करूनही फसवले गेलो, असं त्याला वाटलं. घरी येऊन नळ सोडून तो न्हाणीघरात रडला.

नव्या दातानं सूर लागला नाही तो नाहीच. बँडमास्तरांनी त्याच्या हाती झांजा दिल्या. या बँडमध्ये कुणाचा ठोका चुकला की दिवसभर त्याची टर उडवायची रीत होती. पहिल्याच रविवारी त्याची झांज उशिरा वाजली. सगळ्यांनी ऐकलं.

कोणी हसलं नाही.