पडदा काळा पडला की

आमच्या खोलीत काहीही घडू नये, यासाठीच आम्हाला ठेवलंय. त्यामुळे जे घडतं त्याचा किस्सा होतो. पण तोही दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी ते नुसतं संकट असतं, चहावर साय धरते! अशी कितीतरी संकटं साचली आहेत आता.

रामदासपेठेत एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आमच्या केबल कंपनीची कंट्रोल रूम आहे. गच्चीवर डिशांची रांग. टीव्हीच्या वाहिन्या येतात उपग्रहांवरून, आणि उपग्रह काही एक नाही, अख्खा ताफा आहे तिकडे वर. आमची प्रत्येक डिश आपापल्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली. ती जे उतरवून घेते ते आम्ही तपासतो आणि तारेनं घरोघरी पोचवतो. नागपुरात, पुढं खापरखेड्याला, सावनेरला. भिंतीवर छोट्या पडद्यांची जाळी आहे. त्यातला एक जरी काळा झाला तरी आम्ही खुर्चीतून उठतो.

माणसं चारच. देवतळे सर मुख्य इंजिनिअर, बीपीची गोळी कायम वरच्या खिशात. नरेशभाऊ गच्चीचे मालक, म्हणजे डिशा त्यांच्या ताब्यात. कुंदाताई फोनवर. आणि मी वैशाली, पडद्यांसमोर.

शेजारीण म्हणते, "टीव्ही पाहाची नोकरी! मज्जा आहे वं तुही!"

मी म्हणते, "पायलटला कोणी म्हणतं का, ढग पाहायची नोकरी आहे म्हणून?"

*

नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. मार्च महिना, भर दुपार. सर जेवायला गेलेले. एका डिशच्या सगळ्या वाहिन्यांवर आधी चौकोन दिसायला लागले, मग एकेक पडदा काळा! मी बटणं दाबली, तारा हलवल्या, मशीन बंद करून चालू केलं. काही नाही. धावत गच्चीवर गेले, तर नरेशभाऊ टाकीच्या सावलीत निवांत संत्रं सोलून राहिलेले.

"भाऊ, उपग्रह गेला!"

"कुठी जाते तो? बसा."

तेवढ्यात सर जिन्यातून वर आले. मी जवळजवळ रडतच सांगितलं, "सर, उपग्रह गेला!"

सर म्हणाले, "गेला नाही. सूर्य आला."

वर्षातून दोनदा, काही दिवस, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. डिशला मग उपग्रह दिसतच नाही, सगळं सूर्यच सूर्य. थोड्या वेळानं आपोआप ठीक होतं. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं!

खाली येते तो कुंदाताई फोनवर कोणाला तरी तेच समजावून सांगत होत्या. "काकू, काही बिघाड नाही. सूर्य मागं आला आहे."

फोनमधून आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू आला. "सूर्य तं आमच्याकडे रोजच येते, वं बाई! तुमच्याचकडे काहून बिघाड होते?"

*

मे महिन्यात नागपूरला माणसं घरात बसतात. मशीनना ती सोय नाही. अशाच एका दुपारी दोन्ही एसी एकदम बसले. मशीनच्या कपाटांतून गरम हवेचे लोट यायला लागले आणि एकेक लाल दिवा लागायला लागला. सरांनी एसीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, निघालोच आहे. एसीवाला मे महिन्यात "निघालोच आहे" म्हणतो म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला नको.

नरेशभाऊ खालच्या टेलरकडून कूलर उचलून घेऊन आले. पाणी भरणार, तेवढ्यात सर ओरडले, "पाणी नको! ओली हवा मशीनमध्ये गेली तर सगळंच संपलं!"

"सर, नागपुरात, मे महिन्यात, बिनपाण्याचा कूलर? लोक काय म्हनतीन!"

शेवटी कपाटांची दारं काढली आणि आम्ही चौघं पुठ्ठे घेऊन वारा घालायला बसलो. सरांचा शर्ट पाठीला चिकटलेला. कुंदाताई एका हातानं फोन धरून राहिल्या, दुसऱ्यानं वारा घालून राहिल्या. सगळ्यांचे डोळे त्या लाल दिव्यांवर.

दारात एसीवाला येऊन उभा राहिला. रामदासपेठ म्हणजे दर चार घरांमागं दवाखाना. आमच्याकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "कोन्ता पेशंट सिरिअस आहे जी?"

सरांनी मान न वळवता सांगितलं, "सगळेच!"

*

आमची एक डिश पूर्वेकडे तोंड करून आहे. तिचा उपग्रह लांब तिकडे आकाशात खाली, क्षितिजाकडे झुकलेला. तिच्यासमोरच्या प्लॉटवर इमारत उठायला लागली. एक मजला झाला, दुसरा झाला. रोज सकाळी सर आधी गच्चीवर जायचे आणि समोरचा स्लॅब बघून यायचे. चेहऱ्यावरून आम्हाला कळायचं, मजला चढला की नाही.

शेवटी सर बिल्डरला भेटायला गेले. "तुम्ही आमच्या उपग्रहाच्या आड येऊन राहिले," म्हणाले.

बिल्डर म्हणाला, "साहेब, प्लॉट माझा, परवानगी माझी. आकाश तुमच्या नावावर आहे का?"

सर परत आले आणि त्यांनी गोळी घेतली.

मग व्हायचं तेच झालं. त्या डिशच्या वाहिन्या फाटायला लागल्या. त्यात एक देवाधर्माची वाहिनी होती. कुंदाताईंना रोज सकाळी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन. "बाई, आरती अर्धीच दिसून राहिली. समई दिसते, देव नाही दिसत!"

"काय करू आई, समोरची बिल्डिंग आड येऊन राहिली."

"कोन बांधून राहिला तो मुडदा?"

कुंदाताईंनी नाव सांगितलं. पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला.

"तो... माहाच आहे."

दुसऱ्या दिवशी बिल्डर स्वतः क्रेन घेऊन हजर! डिश उचलून गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसवून दिली. जाताना हात जोडून सरांना म्हणाला, "आकाश तुमचंच आहे, साहेब. फक्त आईले एक फोन करून सांगून द्या."

*

उपग्रहही म्हातारे होतात. इंधन संपत आलं की त्यांना जागेवर धरून ठेवता येत नाही. मग त्यांच्यावरच्या वाहिन्या नव्या उपग्रहावर हलवतात, आणि आम्हाला डिश फिरवावी लागते. फिरवावी म्हणजे केसभर. केसभर चुकली तर भलत्याच उपग्रहाच्या दारात!

त्या दिवशी वारा सुटलेला. नरेशभाऊ वर डिशला लोंबकळून, सर खाली मीटर धरून, मी फोनवर पडद्यांसमोर. "आलं का?" "नाही." "आता?" "नाही." सरांचा आवाज बारीक बारीक होत गेला. आणि मग चित्र आलं! मी ओरडले, "आलं! आलं!" सर गच्चीवरच खाली बसले.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मालिकेतली माणसं भलतीच आहेत. भाषा कोणती, कोणालाच कळेना. आम्ही शेजारच्या, कुठल्या तरी परदेशी उपग्रहावर जाऊन बसलो होतो, आणि अर्धं नागपूर ते बघत होतं! सर घामानं डबडबले. "तक्रारी किती आल्या?" त्यांनी कुंदाताईंना विचारलं.

"एकच फोन आला, सर."

"काय म्हणाले?"

"बाई विचारून राहिल्या, ही नवी सासू कोन आनली? बोललेलं काही समजत नाही, पन भल्ली खराब आहे म्हने!"

*

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक काका आहेत. चित्र गेलं की पहिला फोन त्यांचाच. एकदा सर वैतागून म्हणाले, "काका, इतक्या लांब अंतराळातून येतं हो ते! कधीतरी अडखळणार."

काका म्हणाले, "देवतळे, आम्ही कोळशापासून उजेड काढला गा. तुम्हाले नुसता आलेला उजेड पुढं नाही ढकलता येत?"

*

सरांच्या मुलीचं लग्न. आम्ही तिघं आळीपाळीनं जाऊन जेवून आलो, पण सरांचा जीव इकडेच. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि सरांच्या खिशातला फोन थरथरला. कंट्रोल रूममधून मीच केला होता, एक वाहिनी अडकायला लागली म्हणून. सरांनी तोंडावर हात धरून विचारलं, "पडदा गेला का?"

जवळ गुरुजींचा माइक. सगळ्या हॉलमध्ये ऐकू गेलं. गुरुजी अंतरपाट घट्ट धरून म्हणाले, "अजून नाही, यजमान! मुहूर्ताला वेळ आहे. घाई करू नका!"

*

आणि ही गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत पाणी शिरलं. माणसं आत अडकली. एका वृत्तवाहिनीची गाडी खाणीच्या तोंडाशी उभी होती, सकाळपासून थेट दाखवत होते. दुपारी त्या वाहिनीच्या मुख्य ऑफिसातच काहीतरी बिघडलं आणि त्यांचा पडदा काळा झाला. आमच्याकडून काही करण्यासारखं नव्हतं.

कुंदाताईंचा फोन वाजला. बाईचा आवाज, अगदी हळू. इथल्याच एका दवाखान्यातून बोलत होती.

"ताई, ते खाणीचं बंद काहून झालं? माहा नवरा आतमध्ये आहे."

कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. बाईचं नाव रेखा. सासूच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती इथं. डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हातारीला कसलाही धक्का नको. दीर खाणीवर गेला होता, पण त्याचा फोन लागत नव्हता. रेखा बाहेरच्या हॉलमधल्या टीव्हीवर डोळे लावून बसली होती.

मध्येच आवाज बदलून ती आतल्या सासूला जोरात म्हणाली, "हो आत्या, आलीच! केबलवाल्यांशी बोलून राहिली. तुमची मालिका दिसत नाही ना, म्हून!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. वाहिनी बंद होती, पण खाणीवरची गाडी आपलं चित्र उपग्रहावर पाठवतच असणार. ते तिथून उतरवून घेता आलं तर! "असं दुसऱ्याचं बघायचं नसतं," सर म्हणाले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "शोध."

एक उपग्रह बघितला, नाही. दुसरा, नाही. नरेशभाऊ गच्चीवर पावसात. तिसऱ्यावर सापडलं. निवेदक नाही, मथळे नाहीत, आवाजही नाही. नुसता कॅमेरा, खाणीच्या तोंडाकडे लावलेला. पाऊस आणि माणसांच्या पाठी.

"दिसून राहिलं, रेखा," कुंदाताई म्हणाल्या. "मी सांगते तुले. फोन ठेवू नको."

बराच वेळ काहीच नाही. मग पाठी हलल्या. एक माणूस बाहेर आला. मग अजून एक. सगळे चिखलानं आणि कोळशानं काळे, नुसते डोळे दिसत होते. ओळखायचं कसं?

"उंच आहे का तो?" रेखानं विचारलं.

"नाही बाई, ठेंगणा आहे. त्याले गाडीत नेलं. आता दुसरा आला. हा म्हातारा दिसते."

"हो आत्या, आली! ...पुढं, ताई?"

तिसरा. चौथा. मग कोणीच येईना. लोक आत वाकून वाकून बघायला लागले. सरांनी खिशातली गोळी काढली आणि हातातच धरून ठेवली. फोनमधून रेखाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग एक उंच माणूस आला. दोघं त्याला धरायला धावले, त्यानं हातानंच नको म्हटलं. भिंतीशी जाऊन बसला. बूट काढले, त्यातलं पाणी ओतलं.

"आता काय करून राहिला?"

"काही नाही वं. बूट ठेवून राहिला."

"कसे ठेवले?"

"कसे म्हणजे... भिंतीशी लावून. जोडीनं."

मग रेखा एकदम रडायला लागली, हुंदका दाबत दाबत. "तोच आहे, ताई! मरनाच्या दारातून आला तरी बूट सरळच ठेवन तो मानूस!" आणि फोन बंद झाला.

नरेशभाऊ भिजून दारात उभे होते. सरांनी चष्मा काढून पुसला. कोणीतरी चहाचं नाव काढलं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. एका म्हातारीचा आवाज होता, थकलेला, पण स्पष्ट.

"केबलचं ऑफिस होय ना? नर्सबाईच्या फोनवरून बोलून राहिली मी. आत्ता माह्या सुनेनं तुम्हाले फोन केल्ता."

"हो आजी," कुंदाताई म्हणाल्या. "तुमची मालिका आत्ता..."

"मालिका राहू द्या. पोरगा निघाला का माहा?"

कुंदाताईंनी आमच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "निघाला, आजी. स्वतःच्या पायानं चालत आला."

"बरं झालं. मले माहीत होतं, हे रेखाले नका सांगू बाई. लेकरू उगीच घाबरन."